मी आपोआप वाजत नाही

मी एक जुनी घंटा आहे, आणि मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकते, मी आपोआप वाजत नाही. कधीच वाजले नाही. मला आपोआप वाजता येत असते, तर माझ्या पोटात हा जड लोलक कशाला अडकवला असता? शोभेला?

समुद्रकाठच्या पायवाटेने तासभर चाललात, की टोकाच्या खडकावर एक लहानसे चॅपल लागते. आत पाच बाके आणि एक खिडकी. वर कमानीत मी. पायवाटेचा शेवटचा तुकडा सखल आहे, भरतीला तो पाण्याखाली जातो. पाणी मागून गुपचूप चढते आणि पुढे बघत चालणाऱ्याला पत्ता लागत नाही. म्हणून तर मला इथे टांगले. पाणी चढायला अर्धा तास उरला की दोरी ओढायची, सगळ्यांनी परत फिरायचे. इतके साधे काम होते माझे.

माझी जी दंतकथा सांगतात, ती तुम्हीही ऐकली असेल. एकदा भर दिवसा दाट धुके पडले, अकरा होड्या वाट चुकल्या, आणि कोणी दोरीला हात न लावता घंटा आपोआप वाजू लागली. त्या आवाजाच्या रोखाने अकराही होड्या किनाऱ्याला लागल्या. ऐकून लोक हात जोडतात. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड होतो.

त्या दिवशी दोरी ओढायचे काम चॅपलच्या राखणदाराचे होते. तो शेवटच्या बाकावर दारू ढोसून घोरत पडला होता. त्याची धाकटी भावजय त्याचा डबा घेऊन आली. वीस वर्षांची, लग्न होऊन जेमतेम चार महिने झालेले. तिने हाक मारली, "भावोजी, अहो भावोजी, धुकं बघा केवढं!" भावोजी कूस बदलून पुन्हा झोपले. मग तिने डबा खाली ठेवला आणि दोरी धरली. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत तिने मला वाजवले. तळहातांची साले निघाली, तेव्हा पदर गुंडाळून वाजवले. लोक धावत वर येऊ लागले, तेव्हा कुठे राखणदाराला जाग आली. त्याने तिला मागच्या दाराने घरी पिटाळले आणि गावाला सांगितले, "मी इथेच होतो, डोळ्यांनी बघितलं. घंटा आपोआप वाजली!"

तिने घरच्या अब्रूसाठी तोंड उघडले नाही. पण पुढची चौपन्न वर्षे ती रोज माझ्यापाशी येत राहिली. राखणदार म्हातारा झाला, वारला. किल्ली तिच्याकडे आली. सगळे तिला काकू म्हणू लागले. भरतीचे वेळापत्रक ती दारावर खडूने लिहायची, वेळेवर मला वाजवायची आणि शेवटच्या माणसाबरोबर स्वतः परत जायची. त्या वर्षांत या वाटेवर एकाचेही पाऊल पाण्यात बुडाले नाही. तिचे कौतुक कोणी केले? कोणी नाही. लोक माझ्याबरोबर फोटो काढायचे.

मग राखणदाराचा मुलगा, म्हणजे काकूचा पुतण्या, चॅपल समितीचा अध्यक्ष झाला. त्याने पहिले काम काय केले? माझी दोरी काढून टाकली! म्हणाला, "काकू, दोरी दिसली की लोकांना गोष्ट खरी वाटत नाही." वाऱ्याने मी उगाच खणखणू नये म्हणून लोलक तारेने आवळून बांधला. आपोआप वाजणाऱ्या घंटेचा लोलक तारेने बांधणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. वर दारावरचे वेळापत्रक पुसून तिथे पाटी लावली: 'संकट येण्याआधी ही घंटा आपोआप वाजते.'

काकू महिनाभर त्याच्या मागे लागली. त्याने तिला पाटीचा रंग कसा दिसतो ते विचारले.

आणि गेल्या मंगळवारी व्हायचे तेच झाले. एक बाई आपल्या दोन लेकींना घेऊन सखल वाटेवर शिंपले वेचत होती. पाठ समुद्राकडे. पाणी दोन्ही बाजूंनी चढत होते. काकूने चॅपलच्या दारातून हाका मारल्या, वाऱ्यात त्या विरून गेल्या. तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची काकू दाराचा लोखंडी अडसर काखेत मारून शिडीने वर आली. तार सुटेना. तिने अडसर उचलला आणि माझ्यावर घातला. एक, दोन, तीन. चौथ्या घावाला मला तडा गेला. मला दुखले, पण मी वाजायची थांबले नाही.

मुलींना घेऊन ती आई गुडघाभर पाण्यातून धावत चॅपलमध्ये पोहोचली. म्हणाली, "पाटीवर लिहिलंय ना, आधी घंटा वाजते म्हणून? तिच्याच भरवशावर होते मी."

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आला. मुली कशा आहेत, हे त्याने विचारले नाही. माझ्या तड्याकडे बोट दाखवून म्हणाला, "काकू, एवढी जुनी घंटा फोडलीत तुम्ही! वाजलीच असती ना ती आपोआप!"

चौपन्न वर्षांनी काकूने तोंड उघडले. "तुझे बाबा झोपले होते रे. दोरी मी ओढली होती."

त्याचे बोट खाली आले. त्याला ते पटले होते, मी वरून त्याचा चेहरा पाहत होते. मग तो हळू आवाजात म्हणाला, "आता हे कशाला उकरून काढता?" आणि त्याने हात पुढे केला. काकूने किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि ती निघून गेली. माझी काकू! मला हात असते, तर त्या पाटीचे मी तुकडे केले असते.

मित्रांनो, माझ्या तड्याची हळहळ करू नका. समिती पुढच्या महिन्यात बसणार आहे, तडा कसा बुजवायचा ते ठरवायला. दोरीचा विषय त्यांच्या कागदावर नाही. मला पुसू नका, हार घालू नका, माझ्यासमोर हात जोडू नका. माझी काळजी घ्यायचीच असेल, तर मला वाजवणारे माणूस माझ्यापाशी असू द्या.

आज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी पाणी चढायला लागेल. काकू घरी आहे, किल्ली पुतण्याच्या खिशात आहे आणि खाली वाटेवर सकाळपासून माणसे येत आहेत. दोघे जण पाटी वाचून, निश्चिंत होऊन, खडकावर जेवायला बसले आहेत. तुमच्यापैकी कोणी या बाजूला येत असेल, तर तार तोडायला पक्कड आणा आणि आठ हात दोरी आणा. शिडी अजून बाहेरच्या भिंतीलाच लावलेली आहे.