न्यूट्रलमधली तीन वर्षं

एक पत्र तीन वर्षं गाडीच्या कप्प्यात पडून होतं. त्याला उत्तर गेलं नव्हतं. मी त्याच गाडीचा जुना गिअरबॉक्स आहे. मित्रांनो, हे सांगणं मला कितपत जमेल याची शंकाच आहे.

मी कुठे असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. बॉनेटखाली, इंजिनाला चिकटून. इंजिनाचं फिरणं माझ्या दातेरी चाकांतून पुढच्या चाकांपर्यंत जातं. चढावर मी वेग कमी करून जोर देतो. सपाट रस्त्यावर जोर कमी करून वेग.

माझे मालक डोंबिवलीचे बाळकाका. दर भाऊबीजेला ते आणि हेमांगीकाकू शिळफाट्यावरून ठाण्याला, शुभदाताईंकडे जात. गिअर टाकताना खडखड झाली की काकू म्हणत, "अहो, हळू. त्याला लागतं." माझी एवढी विचारपूस दुसऱ्या कुणी केली नाही.

काकू गेल्या. मग ताईंचं पत्र आलं. त्यांना फोनवर ऐकू येत नाही. काकांनी ते गाडीत बसून, हळू आवाजात वाचलं. "बाळ, माझ्याकडे राहायला ये. यायचं नसेल तर नाही म्हण. पण काहीतरी लिही."

काका उत्तरं लिहीत आणि फाडत. एकही त्यांना धड वाटेना.

गाडी खराब होऊ नये म्हणून दर रविवारी ते इंजिन दहा मिनिटं चालू ठेवत. मी न्यूट्रलमध्येच. इंजिन घुमायचं, चाकं जागची हलायची नाहीत. माझं तेल काळं पडत गेलं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटे, गाडीची किती काळजी घेतात.

परवा ठाकुर्लीचा मेकॅनिक तानाजी बॅटरी बसवायला आला. काका अभिमानाने म्हणाले, की दर रविवारी ते गाडी चालू करतात.

"चालू करता, चालवत नाय," तानाजी म्हणाला. "काका, वरात दारातच नाचतेय. मांडवात कधी पोचणार?"

काका ओशाळून हसले. तानाजीने माझं तेल बदललं आणि आठवड्याला दोन-तीन किलोमीटर तरी फिरवा, असं बजावलं.

मित्रांनो, तुमच्याही दारात एखादी गाडी उभी असेल. मोठ्यांना सांगा, नुसती सुरू करू नका, थोडी पुढे न्या.

या रविवारी काकांनी मांडीवर वही ठेवून लिहिलं, मग वाचून पाहिलं. "ताई, राहायला यायचं धाडस अजून होत नाही. पण पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो. जेवायला थांबेन."

या वेळी कागद फाटला नाही. त्यांनी मला पहिल्यात टाकलं. मी कुरकुरलो, पण गाडी फाटकाबाहेर आली.

टपालपेटी उतारावर होती. हँडब्रेक सैल, म्हणून काका इंजिन बंद करून, मला पहिल्या गिअरमध्येच ठेवून उतरले. पेटीपाशी ते बराच वेळ उभे राहिले. गाडीचा सगळा भार माझ्यावर होता. मी चाकं हलू दिली नाहीत.

मग पत्र पेटीत पडल्याचा आवाज आला.