फणकारबाई आता कोणाच्या हाती?

उजवा हात यापुढे खांद्याच्या वर न्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं तेव्हा काकांना स्वतःच्या आधी आठवल्या त्या फणकारबाई.

फणकारबाई म्हणजे कापडी कोंबडी. लाल तुरा, मण्यांचे डोळे आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीबद्दल तक्रार. टीव्हीवरच्या मुलांच्या कार्यक्रमात ती कित्येक वर्षं कुंपणावरून सगळ्यांना फैलावर घेत आली होती. कुंपणाआड हात उंच धरून उभे असायचे ते काका. तिच्या शेजारी गेंडोपंत नावाचा सुस्त गेंडा फळीवर हनुवटी टेकून असायचा. तो काकूंच्या, म्हणजे काकांच्या बायकोच्या हातात. त्याचं डोकं कायम खाली, म्हणून काकू स्टुलावर बसून काम करत. फणकारबाईंनी तोंडाचा पट्टा सोडावा आणि गेंडोपंतांनी जांभई देत "असेल बुवा" म्हणावं, एवढ्यावर मुलं खदाखदा हसायची.

काकांनी आधी डावा हात वापरून पाहिला. कोंबडी उचकी लागल्यासारखी दिसायला लागली. शेवटी दिग्दर्शिकाबाई म्हणाल्या, "काका, दुसरं कुणीतरी शोधायलाच हवं. निवड तुम्हीच करा. तुमच्याइतकं तिला कोण ओळखतं?"

निवडीच्या दिवशी काका पुढच्या खुर्चीत बसले. काकू नेहमीसारख्या कुंपणामागे, गेंडोपंत हातात घालून.

पहिला आला तो एक नकलाकार. त्याने तोंड उघडलं आणि सगळे चाट पडले. आवाज हुबेहूब काकांचा! पण काकूंच्या गेंड्याने मध्येच एक शिंक दिली, तेव्हा कोंबडी छताकडे बघत तशीच लटकत राहिली. शिंकेचं काय करायचं हे त्याला कुणी लिहून दिलं नव्हतं. त्याच्यामागून रेडिओवरची एक निवेदिका आली. तिची फणकारबाई इतकी गोड बोलायची, की रागावते आहे की लग्नाचं आमंत्रण देते आहे तेच कळेना.

काका प्रत्येकाला मान हलवून नकार देत होते. चेहरा गंभीर, पण आतून त्यांना गुदगुल्या होत होत्या. आपल्यासारखं कुणालाच जमत नाही, हे ऐकायला कुणाला आवडत नाही?

तेवढ्यात एका तरुण नटाने कोंबडीची मान अशी काही पिरगाळली, की काकूंना राहवलं नाही. "अरे, तिचा जीव घेशील! इकडे आण." त्यांनी गेंडा बाजूला ठेवला, कोंबडी हातात चढवली आणि उठून उभ्या राहिल्या. "बोलायच्या आधी मान अशी मागे घ्यायची. मग एका डोळ्याने बघायचं. आणि मग..."

कुंपणावर फणकारबाईंनी मान मागे घेतली. एका डोळ्याने सगळी खोली न्याहाळली. "काय हो, एवढी माणसं जमवलीत आणि दाणे कुठे आहेत?"

आवाज काकांचा नव्हता. जाडसर होता, सावकाश होता. पण कोंबडी जिवंत झाली होती. कॅमेरावाल्याने हातातला चहा खाली ठेवला.

"हा माझा आवाज नाही," काका जरा घुश्शातच म्हणाले.

कोंबडी वळली. "मग तुमचा आवाज घेऊन जा घरी. घरी तरी कुठे वापरता?"

सगळा स्टुडिओ हसत सुटला. काकांना हसायचं नव्हतं, पण ओठ ऐकेनात. दिग्दर्शिकाबाईंनी डोळे पुसत विचारलं, "ठरलं तर मग. पण काकू, गेंडोपंतांचं काय?"

संध्याकाळी काकूंनी गेंडा पिशवीत घालून घरी आणला आणि काकांच्या वर्तमानपत्रावर ठेवून दिला.

"हे काय?"

"याला हात वर करावा लागत नाही."

"म्हणजे मी गेंडा होऊ?" काका उठून खिडकीशी गेले. "अगं, लोक रस्त्यात थांबवून म्हणतात, फणकारबाईंसारखं बोलून दाखवा. आता काय दाखवू? जांभई?"

काकू जवळ जाऊन उभ्या राहिल्या. "मला कधी कुणी थांबवलं नाही," त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. "पण तुमचं वाक्य कुठे संपणार आणि मुलं कधी हसणार, हे मला तुमच्याआधी कळायचं. त्यात वेगळीच मजा होती."

काकांनी गेंडा हातात घातला.

पण जमेना. काकांचा गेंडा प्रत्येक वाक्यावर कान हलवायचा, मान डोलवायचा, मध्येच बोलायचा. "अहो, गेंडा ऐकतो," काकू वैतागल्या. "नुसतं ऐकतो."

"मी घरी गप्पच असतो की!"

"गप्प असता म्हणजे ऐकता, असं थोडंच आहे?"

यावर काका खरोखरच गप्प झाले. आणि त्यानंतर गेंडा हळूहळू स्थिरावत गेला.

चित्रीकरणाच्या दिवशी समोर चटईवर मुलं बसली होती. स्टुलावर बसलेल्या काकांना घाम फुटला होता. काकूंनी पदर खोचला आणि हात वर केला. पहिलं वाक्य संपतं न संपतं तोच दोन वेण्यांची एक मुलगी उभी राहिली. "हिचा आवाज बदललाय!"

सगळे गारठले. फणकारबाईंनी मात्र एका डोळ्याने तिच्याकडे पाहिलं. "मग? तुझा नाही बदलला? परवापरवापर्यंत बोबडं बोलत होतीस की!"

मुलगी विचारात पडली. मुलं गेंडोपंतांकडे बघायला लागली. काकांच्या जिभेवर तीन विनोद आले होते. त्यांनी तिन्ही गिळले. गेंडा हलला नाही. शांतता ताणत गेली, ताणत गेली, आणि मग त्याने एक डोळा किलकिला करून म्हटलं, "असेल बुवा."

चटईवर हशा उसळला. ती मुलगी तर पोट धरून लोळलीच. कुंपणाआड काकूंनी मोकळ्या हाताने काकांच्या डोक्यावर टपली मारली. काहीही न करता हशा मिळतो, हे काकांना इतक्या वर्षांनी कळत होतं. ते एखाद्या पोरासारखे खूश झाले होते.

आता दोघं रोज सकाळी जेवणाच्या टेबलाशी बसून पुढच्या भागाची तालीम करतात. परवा आवाज इतका चढला, की शेजारीणबाईंनी घाबरून बेल वाजवली. काकांनी दार उघडलं.

"काही नाही हो, तालीम चालू आहे."

"तालीम कधीच संपली!" आतून काकू ओरडल्या. "हे खरं भांडण आहे. या आत, तुम्हीच सांगा कोणाचं चुकतंय!"

शेजारीणबाई चपला काढून आत आल्या आणि चांगल्या ऐसपैस बसल्या.