गोलावरचा समुद्र

"डोळे घट्ट मीट! लबाडी चालणार नाही!" सगळा वर्ग ओरडला.

टेबलावर पृथ्वीचा गोल गरगर फिरत होता. गोष्टींच्या तासाचा नियम बाईंनीच घातलेला. डोळे मिटून गोलावर बोट टेकवायचं. जमिनीवर पडलं, तर तिथली गोष्ट बाई सांगणार; पाण्यावर पडलं, तर ज्याचं बोट त्याने सांगायची. ऐकणाऱ्यांनी "हुं" म्हणायचं, नाहीतर गोष्ट अडते. सूर्य चोरणारा कावळा, पृथ्वी पेलणारं कासव, सगळे याच वाटेने या वर्गात आले होते.

आज मात्र बाईंची पंचाईत झाली होती. घसा पार बसलेला. मुख्याध्यापिकांनी सकाळीच सांगितलं होतं, "आजचा तास जमतोय का बघू. नाही झेपलं, तर सोमवारपासून ऑफिसात बसा. या तासाला गणित घेऊ." आणि त्या स्वतःच मागच्या बाकावर येऊन बसल्या होत्या. जन्मभर बडबड करून पोट भरलेल्या बाईला कागदांपुढे गप्प बसवायचं म्हणजे शिक्षाच की!

पाळी खिडकीजवळच्या मुलीची होती. वर्ग तिला गोगलगाय म्हणायचा. शाळेत आल्यापासून तिने चारचौघांत तोंड म्हणून उघडलं नव्हतं. तिचं बोट दरवेळी जमिनीवरच पडायचं, कारण ती पापण्यांच्या फटीतून बघायची. बाईंना ते ठाऊक होतं. त्या काणाडोळा करायच्या. म्हणजे आजही गोष्ट बाईंच्याच गळ्यात पडणार होती. त्यांनी खाकरून पाहिलं. आवाजाऐवजी नुसती हवा निघाली.

मुलीने मान वर करून बाईंकडे पाहिलं. मग डोळे टक्क उघडे ठेवून तिने गोल थांबवला आणि बोट नेऊन भर समुद्रात ठेवलं.

"ए, हिने बघितलं!"

"बघितलं तर बघितलं. पाणीच आहे ना?" तिने बोट हलवलं नाही. "माझी आजी सांगायची. आधी समुद्र गोड होता. सगळे त्याला प्यायचे, पण त्याच्याशी बोलायचं कुणीच नाही."

"हुं," वर्ग म्हणाला.

"एकदा किनाऱ्यावर एक म्हातारी रडत बसली होती. समुद्राने तिला विचारलं, काय झालं गं?"

"हुं."

बाईंना भरून आलं. त्या मुलांच्या बाकावर, दोन मुलींच्या मधे अंग चोरून बसल्या. मागे मुख्याध्यापिका हनुवटी हातावर टेकवून ऐकत होत्या.

मुलगी मधेच थांबली.

"बाई, तुम्ही हुं नाही म्हणालात."

तेवढा आवाज बाईंकडे होता.