बोलण्याचा दवाखाना

दिनकर बोरकुटे आपल्या मुलखात, चांद्याला परतला, तेव्हा त्याला 'पागलांचा डॉक्टर' हे नाव पडायला फार वेळ लागला नाही. खरं तर तो डॉक्टर नव्हता, आणि पागलांचा तर नव्हताच. कुरखेड्याच्या धानाच्या बांधीतून निघून तो नागपुरात मानसशास्त्राचा एम.ए. झाला, मग बंगलोरच्या इस्पितळात राहून माणसाला बोलतं करून त्याचं मन हलकं करायची विद्या शिकला. तिथे नोकरीही मिळत होती. पण दिनकरला वाटलं, मन काय फक्त बंगलोरकरांनाच असतं?

जटपुरा दरवाज्याजवळ त्याने रस्त्यावरची खोली भाड्याने घेतली आणि 'मानसोपचार केंद्र' अशी पाटी लावली. नियम पक्के होते. सुई नाही, गोळी नाही, आणि सल्ला तर मुळीच नाही. समोरच्याने बोलायचं, आपण ऐकायचं. वाट त्याची त्यानेच शोधायची. गावाला यातलं काहीच पटलं नाही. सुई न टोचणारा कसला डॉक्टर? शिवाय त्या पाटीखालून आत शिरताना कोणी पाहिलं, तर घरातल्या पोरीचं लग्न मोडायचं. बरेच दिवस खोलीत फक्त चिमण्या येत राहिल्या.

पहिला माणूस आला तो आतल्या दाराने. घरमालक जलालुद्दीन, सागवानाचा ठेकेदार. छपराचे कवेलू गळतात का ते पाहायला आलो, म्हणाला. ऐन वैशाखात. दिनकरने त्याला पाणी दिलं आणि खुर्ची पुढे केली. जलालुद्दीन बराच वेळ छताकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला की झोप येत नाही, छाती दाबून येते, आणि नागपूरचे डॉक्टर म्हणतात काळीज ठणठणीत आहे.

त्यानंतर तो दर जुम्म्याच्या नमाजानंतर कवेलू पाहायला येऊ लागला. त्याचे आजोबा दर्जी होते. लहानपणी तो त्यांच्या मशीनजवळ बसून चिंध्यांच्या टोप्या शिवायचा. बापाने उचलून जंगलाच्या ठेक्यात घातला. धाकट्या भावाला, नूर मोहम्मदला, लाकडाच्या धंद्यात खरा रस. पण थोरला म्हणून कारभार याच्याच गळ्यात. हे सांगता सांगता त्याला झोप लागू लागली. बायको खातूनने दिनकरकडे शेवयांची खीर पाठवली.

एका जुम्म्याला जलालुद्दीन आला तोच हसत. "धंदा नूरले देऊन टाकला," तो म्हणाला. "मी आता मशीन घेऊन बसतो." मग थोडा चाचरला. "पन दुकानाले रस्त्यावरची जागा पाहिजे."

त्या घरात रस्त्यावरची खोली एकच होती. बाजारात गाळे रिकामे आहेत, हे शब्द दिनकरच्या अगदी जिभेवर आले. पण तो सल्ला झाला असता, आणि तोही स्वतःच्या सोयीचा. त्याने विचारलं, "तुम्हाले काय वाटते?"

"इथीच बसावं वाटते," जलालुद्दीन म्हणाला.

असा दिनकरचा पहिला रोगी पूर्ण बरा झाला आणि दिनकर रस्त्यावर आला. अगदीच रस्त्यावर नाही. जलालुद्दीनला त्याला हाकलणं जिवावर आलं, म्हणून खोलीत मधोमध पडदा लावून मागची बाजू त्याने दिनकरला ठेवली. लच्छू पेंटरने जुनी पाटी पुसून तिच्यावर 'जलाल टेलर' रंगवलं.

आणि लोक येऊ लागले. बगलेत कापड घेऊन यायचे, इकडेतिकडे न बघता सरळ आत शिरायचे. दर्जीकडे जाण्यात कसली आली लाज? मशीनच्या खडखडाटात पडद्यामागचं बोलणं बाहेर ऐकूही जात नसे. दिनकरची सगळी विद्या आता कुठे कामी येऊ लागली, फक्त ती त्याच्या नावावर नव्हती.

त्यांच्यात शाळामास्तरांची बायको कमळा होती. तापात लेक गेल्यापासून तिने नवं काही अंगाला लावलं नव्हतं. हिरव्या खणाचा तोच एक तुकडा घेऊन ती दर बाजारच्या दिवशी यायची, कधी बोलायची, कधी नुसतीच बसायची, आणि तुकडा तसाच परत न्यायची.

दिवाळीच्या तोंडावर ती आली ती पडद्याआड गेलीच नाही. मशीनसमोर उभी राहून तिने खण उलगडला.

"भाऊ, मापाचं झंपर आनलं हाय," ती जलालुद्दीनला म्हणाली. "दिवाळीले घालाचं हाय."

दिनकर पडदा सारून उभा होता. त्याच्याकडे बघून ती किंचित हसली आणि निघून गेली. जलालुद्दीनला अवघडल्यासारखं झालं. तुमचा पेशंट गेला, असं तो कसंबसं म्हणाला.

"कापड चांगलं हाय," दिनकर म्हणाला आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसला. बाहेर कात्री चालू लागली.