ओढ्याअलीकडची पाहणी

सावरखेड्याचा सरकारी दवाखाना निजामाच्या काळातला. भिंतींना ओल, छताच्या तुळया गंजलेल्या. बाळंतपणाच्या खोलीत पोपडे थेट टेबलावर पडायचे. बाईला कळा सुरू झाल्या की आया रूपाबाई वर चादर धरून उभी राहायची आणि निलम खंदारे त्या चादरीखाली वाकून बाळंतपण करायची. निलमला तिथं नर्स होऊन बारा वर्षं झाली होती. २००२ साली दवाखाना नव्या जागी हलवायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद या दोघींना झाला.

स्थलांतराच्या समितीत निलमला घेतलं, कारण एक बाई लागतच होती. तिनं महिनाभर खपून तक्ता केला : कोणत्या गावाहून, कोणत्या तांड्यावरून बायका येतात, कशानं येतात. बहुतेक जणी दक्षिणेकडच्या तांड्यांवरून यायच्या, बैलगाडीनं नाहीतर पायी.

पहिल्या बैठकीत डॉक्टरसाहेबांनी आपल्या खोलीला वेगळा संडास मागितला. उरलेला वेळ उद्घाटनाला कुणाला बोलवायचं यात गेला. मग भजी आली. तक्ता टेबलावर पसरलेला होता. अध्यक्ष होते पंचायत समितीचे सभापती. त्यांनी भजं खाल्लं, तक्त्याच्या कोपऱ्याला बोटं पुसली आणि म्हणाले, "सिस्टर, अक्षर लई झ्याक हाय तुमचं."

सगळे हसले. निलमनं तेलाचा डाग पडलेला तक्ता गुंडाळून घेतला.

जागा ठरली ती ओढ्यापलीकडे, उत्तरेला. शेजारचं शेत सभापतींच्या मेव्हण्याचं. दवाखाना झाला की तिथं प्लॉट पडणार, हे समितीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"साहेब, पावसाळ्यात ओढा भरतो. अडलेली बाई पलीकडे न्यायची कशी?" निलमनं विचारलं.

"पूल व्हईल की."

"कधी?"

"तुमी काहून एवढं डोकं लावून राहिल्या? सुया टोचा ना बराबर."

ऑगस्टमध्ये पाहणीला दोन जीपा निघाल्या. ओढ्याला मांडीइतकं गढूळ पाणी. ड्रायव्हरनं जीप घालायला नकार दिला. सगळे उतरून अलीकडच्या काठावर छत्र्या धरून उभे राहिले. अभियंत्यानं हात लांब करून दाखवलं, "त्या बाभळीपासून त्या लिंबापर्यंत." डॉक्टरसाहेब आपल्या बुटांचा चिखल बघत होते. मटण कुठवर आलं, असं कुणीतरी विचारलं.

मग जीपच्या बोनेटवर आदल्या दिवशीच टाईप केलेला कागद आला. 'समितीने प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी केली. जागा बारमाही रस्त्याची व रुग्णांच्या सोयीची आहे.' एकेकानं सही ठोकली. पाण्याचा आवाज एवढा होता की ओरडून बोलावं लागत होतं, तरी कुणाचा हात अडखळला नाही.

निलमनं सही केली आणि खाली लिहिलं, 'मी जागेवर गेले नाही. ओढ्याला पाणी होते. सगळे अलीकडेच थांबलो.'

"हे काय करून ठेवलं?" सभापती खेकसले.

"झालं ते लिहिलं."

ती जीपमध्ये बसली नाही. भिजत, चालत घरी आली. त्या माणसांच्या शेजारी मांडीला मांडी लावून बसायची तिला किळस आली होती.

डॉक्टरसाहेबांनी चार दिवस नवा कागद पुढं केला. तिनं सही दिली नाही. फाईल तशीच हिंगोलीला गेली आणि 'पाहणी झालेली नाही' असा शेरा मारून परत आली. काम थांबलं. सिस्टरनं दवाखाना अडवला, असं गावभर झालं. रूपाबाईसुद्धा म्हणाली, "बाई, काहून लिव्हलं? डोक्यावर नवं छत तरी आलं असतं."

निलमनं पोपड्यांनी भरलेली चादर झटकायला घेतली.

थंडीत एका बाळंतपणाच्या वेळी छताचा मोठा ढलपा सुटला. चादर फाटली आणि रूपाबाईचं खांद्याचं हाड मोडलं. बाई आणि लेकरू वाचलं. निलमनं रूपाबाईच्या खांद्याला पट्टी बांधली. पहिल्यांदाच तिला स्वतःचीही शिसारी आली.

"रूपाबाई, माझ्यामुळं झालं हे."

"तुमच्यामुळं कसं? छत तुमी बांधलं व्हतं का?" रूपाबाई कण्हत म्हणाली. मग खांदा सावरत बोलली, "मपली सून पोटुशी हाय. भादव्यात दिस भरतील. दवाखाना तिकडं असता तर तिला त्या ओढ्यातून नेलं असतं का ह्यांनी?"

पुढच्या आठवड्यात हात गळ्यात बांधून रूपाबाई तांड्यावरच्या वीस-बावीस बायका घेऊन निघाली. निलम रजा टाकून सोबत गेली. हिंगोलीच्या कचेरीत त्या दिवसभर बसून राहिल्या. शेवटी एका अधिकाऱ्यानं आत बोलावलं.

"एवढं पाणी खरंच येतं का?"

"पावसाळ्यात या साहेब," रूपाबाई म्हणाली. "आमी धरून नेतो तुमाला."

तो माणूस खरंच आला. पाण्यात उतरला, कमरेइतका भिजला आणि अर्ध्यातून परत फिरला. जागा बदलली. तांड्यांच्या बाजूच्या गायरानात दवाखाना उभा राहायला आणखी तीन वर्षं गेली. तोवर चादर धरायला दुसरी आया होती. रूपाबाईचा हात खांद्याच्या वर कधीच गेला नाही.

उद्घाटनाच्या दिवशी निलम नव्या खोलीत एका बाईचं बाळंतपण करत होती. बाहेर लाऊडस्पीकरवरून सभापती सांगत होते, "माझ्या तांड्यावरच्या मायबहिणींसाठी मी स्वतः पाण्यात उतरून ही जागा निवडली!" टाळ्या पडल्या.

"थुत्!" निलम म्हणाली. टेबलावरची बाई दचकली.

"तुला नाही गं," निलम म्हणाली, "तू जोर लाव."