मधला दगड

टेलरबाईने नकाशा टेबलावर पसरला आणि सवयीने तळहात फिरवून त्याच्या सुरकुत्या सारख्या केल्या.

"हात लावायचा नाही," दप्तरखान्यातले कारकून पलीकडून म्हणाले. "कापड नाही ते."

"मागून कापडच आहे की. आणि कडेची शिलाई उसवलीय."

कारकुनांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग उसवलेल्या कडेकडे पाहिलं आणि पुन्हा आपल्या चहात लक्ष घातलं. ही बाई तिसऱ्यांदा आली होती. पहिल्या खेपेला त्यांनी तिला साहेब रजेवर असल्याचं सांगितलं होतं, दुसऱ्या खेपेला किल्ली हरवल्याचं. आता सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी मुकाट्याने तिच्या गावच्या कागदांचं गाठोडं सोडून दिलं होतं.

खोली लांबट होती. भिंतींना छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर फडक्यात बांधलेले तालुक्यातल्या गावांचे कागद, आणि वर एक पंखा, जो वारा कमी आणि आवाज जास्त करत होता. टेलरबाईने आपल्या गावच्या नकाशावर रस्ता शोधला, मग ओढा शोधला. दोहोंच्या मध्ये तिच्या पणजोबांचं शेत होतं, आणि शेताच्या मधोमध एक रेघ. या एका रेघेपायी तिच्या घराण्यात साठेक वर्षं कुणी कुणाच्या दारात पाऊल टाकलेलं नव्हतं. भाऊबंदकी म्हणतात ती हीच. आणि त्या भांडणाचं मूळ शोधत ती इथवर आली होती.

गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. पणजोबांनी मरणाआधी शेत दोघा मुलांना वाटून दिलं. रस्त्यापासून ओढ्यापर्यंत दोरी धरली, दोरी दुमडली आणि जिथे मध्य आला तिथे दगड पुरला. रस्त्याकडचा भाग धाकट्याचा, म्हणजे टेलरबाईच्या आजोबांचा. त्यांना सगळे आबा म्हणत. ओढ्याकडचा भाग थोरल्याचा. पुढे सरकारी मोजणी झाली, तर आबांचा भाग कमी भरला आणि थोरल्यांचा जास्त. एक गाडी आरामात जाईल एवढ्या पट्टीचा फरक. याचा अर्थ उघड होता: थोरल्यांनी दगड सरकवला. मग आबा एके रात्री पहार घेऊन गेले आणि त्यांनी दगड 'जागेवर' आणला. हे वाक्य अण्णा, म्हणजे टेलरबाईचे वडील, अजूनही मान ताठ करून म्हणत. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे आमच्या घराला जेवढं लागू होतं तेवढं कुणालाच नसेल, असं टेलरबाईला कधी कधी वाटे. पण ती ते बोलत नसे.

आता मात्र बोलायची वेळ आली होती. थोरल्यांचा मुलगा, नाना, अंथरुणाला खिळला होता. नानाच्या मुलीचा, गावातल्या शाळेत शिकवणाऱ्या चुलत बहिणीचा, आयुष्यात पहिल्यांदा फोन आला होता. "नाना दिवसरात्र एकच म्हणतात, दादाला एकदा भेटायचंय. अण्णांना आणाल का?"

अण्णांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आधी चोरी कबूल कर म्हणावं."

"अण्णा, माणूस जायला टेकलाय."

"मग लवकर कबूल करायला सांग. नाही तर तू तालुक्याला जा, मोजणीचा कागद आण. शिक्क्याचा. त्याच्यासमोर धरतो, मग बघू कसा नाही म्हणतो ते."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. पण टेलरबाईला खरी भीती वेगळीच होती. नाना आणि अण्णा एका अंगणात वाढलेले, एकाच ओढ्यात पोहायला शिकलेले. अण्णा कधी चुकून झोपेत बोललेच, तर नानाला हाक मारत. तो असाच गेला तर अण्णा उरलेले दिवस हा राग एकटेच चघळत बसतील, आणि ते बघत बसायची तिची अजिबात तयारी नव्हती. म्हणून ती दुकान बंद ठेवून तीनदा इथे आली होती.

"मोजणीचं बाड हे घ्या," कारकुनांनी जाड वही पुढे सरकवली. "पानं हळू उलटा."

अक्षर बारीक पण स्वच्छ होतं. आबांचा भाग मोजला होता हिवाळ्यात. त्यानंतर मोजणीदार आजारी पडला असावा, कारण पुढची नोंद थेट उन्हाळ्यातली होती आणि तिथून थोरल्यांचा भाग सुरू होत होता. दोन नोंदींच्या मध्ये, समासात, तिरप्या अक्षरात तीन शब्द होते. पुढे कुणी वाचेल अशी लिहिणाऱ्याची अपेक्षा दिसत नव्हती.

"हे काय लिहिलंय?"

कारकून उठून आले, वाकले. "'साखळी झिजलेली. बदलली.' पूर्वी लोखंडी साखळीने मोजायचे ना. लिहायचे असं कधी कधी." आणि ते परत जाऊन बसले.

टेलरबाईचा हात आपोआप वर गेला. तिच्या गळ्यात टेप होती. दुकानाबाहेर पडतानाही ती काढायची आठवण राहत नसे. दुकान नवीन होतं तेव्हा शाळेच्या गणवेशांची पहिली मोठी ऑर्डर तिने अशीच घालवली होती. शाळेत जाऊन मुलांची मापं घेतली ती वापरून वापरून ताणलेल्या टेपने, आणि दुकानात कापड कापलं ते कोऱ्या टेपने. प्रत्येक पोराला सदरा काखेत काचला. ताणलेल्या टेपवर माप कमीच भरतं. त्यानंतर तिने जुनी टेप कधी घरात ठेवली नाही.

लोखंडाच्या कड्याही वापरून झिजत असणार, तोंडं उघडत असणार. साखळी लांबली की शेत कमी भरणार. आबांचा भाग जुन्या साखळीने मोजला, थोरल्यांचा नव्या. मोजणीदाराला ते कळलंही होतं, पण आबांचा भाग पुन्हा मोजायचा तर वर उत्तर द्यावं लागलं असतं, म्हणून त्याने तीन शब्द समासात टाकले आणि मोकळा झाला.

म्हणजे दगड मधोमधच होता. कुणी हलवलाच नव्हता. आबांनी हलवेपर्यंत.

ती चोराला धरायला निघाली होती आणि चोर तिच्याच घरात, हार घातलेल्या तसबिरीत बसला होता.

"या पानाची नक्कल मिळेल?" तिने विचारलं. "समासासकट."

संध्याकाळी ती परतली तेव्हा अण्णा दुकानात, कापड बेतायच्या टेबलापाशी बसून तुटलेली बटणं वेगळी करत होते. हे काम त्यांनी स्वतःच अंगावर घेतलं होतं आणि त्यात ते कुणाला हात लावू देत नसत. तिने नक्कल पुढे ठेवली आणि जसं समजलं तसं सांगितलं. मध्ये थांबली नाही, कारण थांबली असती तर पुढे बोलता आलं नसतं.

"लोखंड कधी ताणतं होय?" अण्णा म्हणाले.

"कड्या झिजतात, अण्णा. त्याने स्वतः लिहिलंय."

"समासात लिहिलंय. समासात लिहिलेल्याला काय अर्थ?"

"खोटं लिहायचं असतं तर त्याने कशाला लिहिलं असतं?"

अण्णांनी बटणांचा डबा बंद केला आणि टेबलावर हात ठेवला. जुन्या, जाड लाकडाचं टेबल होतं ते. आबांनी परत मिळवलेल्या पट्टीवर झाडं लावली होती. त्यांतलं एक तोडून अण्णांनी हे टेबल लेकीसाठी करून घेतलं होतं. दुकानाला नजर लागू नये म्हणून पहिला टाकाही तिने त्याच्याजवळ बसूनच घातला होता. दोघांच्याही एकदमच ते ध्यानात आलं आणि दोघंही दुसरीकडे बघू लागली.

"हे नानाला माहीत आहे?"

"त्यांना कुठून माहीत असणार?"

"मग सांगायचं कशाला?" अण्णा सावकाश म्हणाले. "जाऊ आपण. उद्याच जाऊ. मी त्याचा हात धरून म्हणेन, झालं गेलं गंगेला मिळालं. बिचारा शांत जीवाने जाईल."

"म्हणजे चोरी आपली आणि माफीही आपणच द्यायची?"

"आबांना चोर म्हणायचं नाही."

"मी कुठे म्हटलं?"

"आता म्हटलंस." त्यांचा आवाज चढला आणि लगेच बसला. "त्यांना ठाऊक नव्हतं गं. हक्काचं म्हणून घेतलं त्यांनी. आता ते नाहीत, थोरले नाहीत. तो कागद पिशवीतून काढायचा नाही. मला शब्द दे."

तिने शब्द दिला नाही. नाहीही म्हणाली नाही. ती यंत्रापाशी जाऊन बसली आणि एकाचा पायजमा दुसऱ्याच्या मापाने शिवून बसली. मनातून तिला वडिलांचा रागही येत होता आणि कीवही. राग जास्त.

दुसऱ्या दिवशी भाड्याच्या गाडीने ते गावाला पोचले. अण्णांनी वाटेत बांधाकडे बघायचं टाळलं, आणि ते टाळताहेत हे ड्रायव्हरलाही कळलं असावं, कारण त्याने उगाचच गाडी जोरात हाणली.

दारात चुलत बहीण उभी होती. दोघी बहिणी पन्नाशीच्या, एकमेकींना फक्त लांबून ओळखणाऱ्या. काय करावं हे न सुचून चुलत बहिणीने आधी टेलरबाईच्या हातातली पिशवी घेतली आणि मग परत दिली.

"आत आहेत," चुलत बहीण म्हणाली. "सकाळपासून दाढी करून बसलेत. मी चहा टाकते."

नाना उशीला टेकून बसला होता. अंगाची नुसती काडी झालेली, पण गाल गुळगुळीत. एका ठिकाणी कापलेलं, त्यावर कागदाचा तुकडा चिकटवलेला. अण्णा पलंगाशेजारच्या खुर्चीत बसले. टेलरबाई खिडकीशी उभी राहिली.

"दादा, म्हातारा झालास की रे," नाना म्हणाला.

"तू काय तरणाबांड दिसतोयस?"

दोघेही हसले. नानाला हसताना ठसका लागला. अण्णांनी पुढे होऊन त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि ठसका थांबल्यावरही तो काढला नाही. आता म्हणतील, टेलरबाईला वाटलं. आता म्हणतील झालं गेलं गंगेला मिळालं. तिने खिडकीबाहेर पाहिलं. ते वाक्य ऐकायची तिला लाज वाटत होती.

पण बोलला नाना.

"दादा, मला माफ कर. आमच्या बापाने तुमची पट्टी खाल्ली."

नाना थांबला नाही.

"तो शेवटच्या दुखण्यात होता तेव्हा मी त्याला सरळ विचारलं. म्हटलं, एकदा खरं सांगा, दगड हलवला होता का? त्याने माझ्याकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. मग बोललाच नाही माझ्याशी. गेला तसाच. तेव्हा मी काय ते समजलो." नानाने श्वास घेतला. "आबाकाका पहार घेऊन आले त्या रात्री मी खळ्यात झोपलो होतो. सगळं बघितलं मी. ओरडलो असतो तर गाव गोळा झालं असतं. नाही ओरडलो. म्हटलं, नेऊ देत, त्यांचंच असेल. पण तुझ्या दारात येऊन हे सांगायचं तोंड नाही झालं कधी. चोराचा पोरगा ना मी."

अण्णांचा हात अजून नानाच्या पाठीवर होता. त्यांनी लेकीकडे पाहिलं; उभ्या आयुष्यात त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं नव्हतं. जणू ती मोठी होती आणि ते लहान.

"तुझा बाप," अण्णा म्हणाले आणि थांबले. पुन्हा म्हणाले, "नाना, तुझा बाप..." आणि पुढचं त्यांना जमेना.

नाना वाट बघत होता. त्याला वाटत होतं, आता शिव्या येणार. त्याने डोळे मिटून घेतले होते.

"पिशवीतला कागद काढ," अण्णा लेकीला म्हणाले.

तिने कागद काढला. घडी उलगडायला तिला नको तेवढा वेळ लागला. अण्णांनी हात पुढे केला नाही. तिने वाचायला तोंड उघडलं, तेवढ्यात ते म्हणाले, "थांब. हिच्या बहिणीला आत बोलव रे, नाना. जमीन पुढे तिची आहे. तिच्यासमोर वाचू दे."

नानाला काही कळलं नाही, पण त्याने मुलीला हाक मारली. चुलत बहीण ओले हात पदराला पुसत आली आणि उंबऱ्यातच थांबली. अण्णांनी सरकून तिला पलंगावर बसायला जागा करून दिली. ती बसेपर्यंत टेलरबाई थांबली आणि मग तिने वाचायला सुरुवात केली.