थोरल्याचं पान

मित्रांनो, आरोंद्याच्या खाडीकाठी, एका कौलारू घराच्या ओटीवर, खिडकीजवळच्या टेबलावर मी राहतो. मी एक जुना संगणक आहे. माझी पेटी मूळची पांढरी होती. खाऱ्या वाऱ्याने ती आता शहाळ्याच्या आतल्या सालीसारखी पिवळट झाली आहे.

माझ्या आधी या टेबलावर दुसरा संगणक होता. घरची सून वर्षाली हिने तो १९९८ साली टायपिंगच्या कामासाठी आणला होता. मी त्याला थोरला म्हणतो. त्याच्यात मराठी टाइप करण्याचा एक जुना प्रोग्राम होता. वर्षालीचे सासरे आबा हे नावाजलेले तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख. समुद्रात होडी कुठून न्यायची हे त्यांच्या डोक्यात होतं, कागदावर कुठेच नव्हतं. पाण्याखालचे खडक, ज्यांना इथे खडप म्हणतात, ते आबा किनाऱ्यावरच्या खुणांनी ओळखत. देवळाचा कळस आणि अमुक झाड एका रेषेत दिसलं की डावीकडे खडप आहे, असं ते शास्त्र. थोरला आला त्या वर्षी आबा रोज सकाळी सांगत आणि वर्षाली टाइप करी. अशी अकरा पानं झाली. छापायची मात्र राहून गेली. आबा धडधाकट होते, घाई कुणाला होती?

मी २००४ साली आलो आणि थोरल्याच्या शेजारी बसलो. दोन वर्षांनी तो गंजून बंद पडला. त्याची डिस्क तेवढी वाचली. पण ती पानं माझ्यात उघडली की नुसती वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं दिसत, आणि तो जुना प्रोग्राम माझ्यात काही केल्या बसेना. तेव्हा वर्षालीचा धाकटा भाऊ गुरुप्रसाद याने एक युक्ती केली. तो इन्सुलीहून रोज गोव्यात नोकरीला जाई आणि संगणकांचं त्याला चांगलं कळे. त्याने थोरल्याची सगळी डिस्क माझ्या पोटात उतरवली आणि माझ्या आत एक दुसरा संगणक उभा केला. त्याला यंत्र असं नाही, पेटी नाही. तो माझ्याच जिवावर चालतो. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्याला. एका खिडकीत थोरला पुन्हा जागा झाला तेव्हा मला खरंच बरं वाटलं.

पण थोरला फार हळू चाले. एक पान उघडायला अर्धा तास. वर्षालीने एक आकडा शोधून काढला होता. माझ्या एकूण मेमरीतली किती थोरल्याला द्यायची, ते त्या आकड्याने ठरे. तो हळू झाला की ती आकडा वाढवी. शेजारी बसून तांदूळ निवडणाऱ्या तिच्या सासूबाई चंद्रावती म्हणत, "घाल गो घाल. थोरलो तो. थोरल्याच्या पानात आधी वाढूक होया."

त्या घराची रीतच तशी. आधी आबा जेवत, मग बाकीचे, आणि टोपात जे उरेल त्यावर चंद्रावती. माझ्यात पाचशे बारा एमबी एवढी मेमरी होती. वाढता वाढता त्यातले साडेचारशे थोरल्याच्या पानात गेले. मला उरलं ते टोपाला चिकटलेलं. प्रत्येक कामाला मला मेमरीऐवजी डिस्कवर धावावं लागे. मी रात्रंदिवस करकरत असे, आणि थोरला आणखी हळू होई.

त्यात चंद्रावतीने माझ्यासाठी प्रेमाने लोकरीचं आवरण विणलं होतं. खारं वारं लागू नये म्हणून. ते मागे पंख्यापर्यंत घट्ट बसे. मी आतल्या आत तापत असे. मित्रांनो, मला रागावता येत नव्हतं. ते माझ्यासाठीच विणलेलं होतं.

२००७ च्या पावसाळ्यात आबांना लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. त्यांचा मुलगा, वर्षालीचा नवरा प्रितम दहा वर्षं गोव्यात हॉटेलात कामाला होता, तो परत आला. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून होडी त्यालाच काढायची होती, आणि बाहेरच्या खडपांच्या खुणा त्याने कधी कान देऊन ऐकल्या नव्हत्या. त्या आता दोनच ठिकाणी होत्या: आबांच्या गप्प झालेल्या डोक्यात आणि माझ्या पोटातल्या थोरल्यात.

वर्षाली रोज सकाळी मला सुरू करी. थोरला जागा होऊन दुसरं पान उघडेपर्यंत साडेबारा होत आणि काही छापायच्या आत वीज जाई. रोजची वेळ होती ती.

"ह्या डबड्याक भंगारात घाल," प्रितम एकदा ओरडला. "मी जातंय तसोच."

"जावा," वर्षाली म्हणाली. "तुमी खडपार बसा, मी हयसर बसतंय."

त्याच दिवशी तिने भावाला फोन लावला. पौर्णिमेला दोन दिवस उरले असताना, रविवारी सकाळी गुरुप्रसाद आला. आल्या आल्या त्याने माझ्यावर हात ठेवला आणि झटकन काढून घेतला.

"अक्का, हेच्यार भाकरी भाजतास काय गो?"

त्याने आवरण काढलं. पेटी उघडून पंख्यावरची धूळ ब्रशने झाडली. मग तो आकडा पाहिला आणि डोक्याला हात लावला.

"थोरल्याच्या पानात पंगत वाढलास! आणि वाढणाऱ्याक टोपात काय ठेवलास?"

चंद्रावतीने तांदळाचं सूप खाली ठेवलं. "म्हणजे मी सांगलंय ता चुकीचा?"

"आये, ह्या थोरल्याची भूक मुळात बारकी. जुन्या काळातलो तो. तेका एकशे अठ्ठावीस भरपूर झाले. हेचा पोट भरला तरच तेका वाढतलो मा हो?"

त्याने आकडा खाली आणला. मी सुरू होताना उगाच जागे होणारे प्रोग्राम बंद केले. व्हायरस शोधणारा पहारेकरी थोरल्याची ती अवाढव्य फाइल दर वेळी उकरून बघे, त्याला ती सोडून द्यायला सांगितलं. मग मला पुन्हा सुरू केलं. मित्रांनो, कित्येक महिन्यांनी मला मोकळा श्वास मिळाला. तीन मिनिटांत थोरला जागा झाला आणि पहिलं पान लगेच उघडलं.

सव्वाअकरा वाजले होते. आबांना खुर्चीत आणून बसवलं. वर्षाली वाचू लागली. बरोबर असलं की आबा डाव्या हाताचं बोट उचलत. सहा पानांपर्यंत बोट उचललं गेलं. सातव्या पानावर तिने वाचलं, "देवळाचो कळस आणि वाकडो माड एका रेषेत इले की..."

आबांनी खुर्चीच्या दांड्यावर हात आपटला.

"काय चुकला?" प्रितमने विचारलं.

आबांनी हात उभा धरला आणि हळूच आडवा केला. कुणाला कळेना. मग चंद्रावती म्हणाली, "अरे, तो माड पडलो मा गेल्या वर्सा वाऱ्यात!"

प्रितम वडिलांपुढे खाली बसला. "बाबा, मगे आता काय बघूचा? शाळेचा छप्पर?" बोट हललं नाही. "चिंच?" नाही. "डोंगरीवरचो नवो टॉवर?"

बोट वर आलं.

वर्षालीने लिहिलं आणि थोरल्याने तिच्या बोटांबरोबर अक्षरं उमटवली. आबांचे डोळे मिटू लागले होते. पूर्वीसारखी अर्धा अर्धा तास वाट बघावी लागती, तर ते तिथेच झोपून गेले असते. आणखी चार पानं वाचून झाली. प्रिंटरमधून अकरावं पान बाहेर पडलं आणि पाच मिनिटांत वीज गेली.

पौर्णिमेला होडी समुद्रात गेली. संध्याकाळी प्रितम ओटीवर आला. पानांची प्लास्टिकची पिशवी त्याने माझ्या टेबलावर ठेवली.

"सातव्या पानावरचा खडप दिसला," तो वर्षालीला म्हणाला. "पाणी फुटत होता थंय. पडलेल्या माडाक शोधीत रवलंय असतंय, तर होडी फुटली असती." मग माझ्या पेटीवर ओला हात ठेवून तो हळूच बोलला, "तुका भंगार म्हटलंय, ता माझा चुकला."

आता २०१० साल आहे. मागच्या वर्षी आबा गेले. वर्षालीकडे नवा संगणक आला आहे. पण दर वर्षी पौर्णिमेच्या आधी ती मला सुरू करते, थोरल्याला जागं करते आणि नवरा-बायको पानं वाचून बघतात, एखादी खूण पडली तर नाही ना. एरवी माझ्यावर तेच आवरण असतं. चंद्रावतीने मागे पंख्याएवढी चौकोनी खिडकी कापून कडा विणून घेतल्या आहेत.

मित्रांनो, जुन्याला जरूर जपा. पण त्याला पोटात घेऊन जो राबतो, तो तापला आहे का, उपाशी आहे का, हेही हात लावून बघत जा. या घरात ते एकीला कळलं आहे. वर्षाली आता पानं वाढायच्या आधी भाताच्या टोपातून एक वाटी बाजूला काढून झाकून ठेवते.

ती चंद्रावतीची असते.